हुडगेबाईंचा भरवसा

हुडगेबाईंचा कुणावरही भरवसा नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, रेडिओवरच्या हवामानावर नव्हता आणि भूकंप होऊन गेल्यापासून भिंतींवर तर मुळीच नव्हता. सकाळी बालवाडीत आल्या की चपला काढण्याआधी त्या बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायच्या, कान लावायच्या, नाक मुरडायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. लातूरला डाळमिलांच्या भागात एका जुन्या गोदामाच्या आवारात आमची बालवाडी भरायची. वर पत्रे होते. उन्हाळ्यात आत तव्यासारखं तापायचं. त्याबद्दल कुणी कुरकुर केली की बाई म्हणायच्या, "पत्रा पडला तर डोकं फुटतं. स्लॅब पडला तर डोकंच राहत न्हाई." हे वाक्य त्या नव्या पालकांना पहिल्याच दिवशी, काही विचारायच्या आत ऐकवायच्या. काही पालक तिथूनच परत जायचे.

मी तिथे शिक्षिका म्हणून गेले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. माहेर उमरीचं, शिक्षण नांदेडला झालेलं. बालशिक्षणाचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी मोठ्या ऐटीत बाईंसमोर धरलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गोष्ट सांग," म्हणाल्या. मी मुलांसमोर बसून हातवारे करत, आवाज काढत गोष्ट सांगितली आणि बाई पूर्ण वेळ माझ्याकडे पाठ करून मुलांची तोंडं बघत राहिल्या. गोष्ट संपली तशा वळल्या. "कोपऱ्यातला पिवळ्या सदऱ्याचा झोपला. बाकीची जागी होती. उद्यापासून ये, अलका." इतका अपमान वाटला होता म्हणून सांगू! घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ही बाई माणूसघाणी आहे, मी काही तिथे टिकत नाही. पुढे कितीतरी वर्षं टिकले.

बाई मूळच्या मुरुडच्या, लिंगायत घरातल्या. उंच, काटक, कपाळावर विभूतीची आडवी बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि पदर कायम कमरेला खोचलेला. लग्न झालं होतं की नव्हतं याबद्दल गल्लीत दोन मतं होती आणि बाईंनी त्यातलं एकही कधी खोडलं नाही. काही सांगायला गेलं की डोळे बारीक करून विचारायच्या, "कोण म्हणतंय?" आणि कुणी म्हटलं हे सांगितलं, की, "बघितल्याबिगर न्हाई." संपलं. मग ते दळणाच्या गिरणीबद्दल असो की देवाच्या प्रसादाबद्दल. खिचडीचं पातेलं मुलांसमोर जाण्याआधी बाई स्वतः एक घास खायच्या आणि थोडा वेळ गप्प बसायच्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. त्यांना काही झालं नाही असं दिसलं की पंगत बसायची.

त्या काळात लातूरला वेगळीच हवा होती. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली मुलं ट्रंका घेऊन शिकायला येत होती. खोल्या मिळत नव्हत्या, चौकाचौकांत क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि पाट्यांवर गुणवंतांचे फोटो. ते वारं आमच्या गोदामापर्यंत यायला वेळ लागला नाही. तीन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन आलेली आई सांगायची, "बाई, याला पुढं मेडिकलला टाकायचंय, तसं बघा." बाई लेकराला खाली उतरवायला लावायच्या. "मेडिकलचं बघू. आधी ह्याला चड्डी वर करायला शिकवा, सगळी खाली घसरायलीय." प्रवेशाच्या वेळी आया भराभरा उत्तरं द्यायच्या. याला कविता येतात, हिला शंभरपर्यंत येतं. बाई हात वर करायच्या. "तुम्ही बोलू नका. तुमाला ॲडमिशन द्यायची न्हाई."

भूकंपानंतर पाहुण्यांचा एक लोंढा आमच्याकडे येऊन गेला होता. त्यातले कितीतरी मनापासून आले होते, पण काहींचं सगळं लक्ष कॅमेऱ्यात. एका गटाने मुलांच्या हातात बिस्किटाचे पुडे देऊन फोटो काढले, आणि पुढच्या शाळेत फोटो काढायचे म्हणून पुडे परत गोळा केले. हे बाईंच्या डोळ्यांदेखत झालं. त्या दिवसापासून त्यांनी बाहेरून आलेल्या माणसाला आत घेणं बंद केलं. सकाळी दहा वाजता फाटकात उभ्या राहून बिनदिक्कत सांगायच्या, "लेकरं झोपल्यात." आतून बाराखडीचा गजर ऐकू येत असायचा.

याच तडाख्यात नांदेडहून आलेल्या सिद्दिकी मॅडम सापडल्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, हातात एक काळी पेटी. मुलांचे कान तपासायला आले आहे, पैसे लागत नाहीत, असं त्या फाटकाबाहेरून सांगत होत्या. बाईंनी पेटी पाहिली आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "आमच्या लेकरांचे कान चांगले हायत. फोटो काढायचे असतील तर त्या समोरच्या मिलचे काढा." मॅडमनी पेटी उघडून दाखवायची तयारी केली, पण बाईंनी कडी लावली होती. मॅडम थोडा वेळ उन्हात उभ्या राहिल्या. मग मला बोलावून नांदेडचा पत्ता सांगितला आणि गेल्या. एवढं होऊनही त्या चिडल्या नव्हत्या याचंच मला आश्चर्य वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी कावेरी आली.

तिची आई महादेवी तिला हाताला धरून घेऊन आली. औसा तालुक्यातल्या गावचं घर भूकंपात गेल्यावर ही मंडळी लातूरला येऊन मिलच्या मागच्या गल्लीत राहत होती. वडील डाळमिलवर कामाला. भूकंपाच्या पहाटे कावेरी तान्ही होती. पडलेल्या माळवदाखालून तिला जिवंत काढली होती. आता ती बालवाडीच्या वयाची झाली होती, गोल चेहऱ्याची, टपोऱ्या डोळ्यांची. तोंडातून मात्र शब्द नव्हता.

"धसका घेतलाय जी भूकंपाचा," महादेवी म्हणाली. "डॉक्टर बी म्हणले, भीती मोडली की बोलंल. जरा जमीन हादरली की अजून दचकती."

ते खरं होतं. बाहेरून मालाचा ट्रक गेला की कावेरी चटकन जमिनीकडे आणि मग आईकडे बघायची. मी बाईंकडे पाहिलं. बाई डोळे बारीक करून कावेरीकडे नाही, महादेवीकडे बघत होत्या.

"ही काहीतरी लपवायलीय," ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या.

मला खरोखर संताप आला. ज्या बाईचं घर गेलं, माणसं गेली, तिच्यावर कसला संशय घ्यायचा? मी तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला घेऊन त्या मिलमागच्या गल्लीत निघाल्या.

गल्लीत शिरताच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भर दुपारची वेळ, दारोदार बायका, खेळणारी मुलं, तरी सगळं कसं दबक्या आवाजात. भाजीवाली हातगाडी घेऊन आली ती एक शब्द न बोलता. दारापुढे थांबून नुसती मान हलवत होती. एका घरात कुकर होता. वाफ फुसफुसायला लागली तशी आतली बाई धावली आणि शिट्टी व्हायच्या आत तिने स्टोव्ह बंद केला. ती म्हणजे गल्लीच्या गंगाअक्का. धिप्पाड, बोलायला लागल्या की दोन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा छातीची बाई, पण आमच्याशी कुजबुजून बोलल्या.

"त्या लेकराचा धसका वाढू नये म्हणून," त्यांनी महादेवीच्या दाराकडे बोट केलं. "कुणी आवाज करत न्हाई. दिवाळीला फटाके तिकडं चौकात. लग्नाची वरात आली तर वाजंत्री गल्लीच्या तोंडालाच बंद. कधी मोडंल मोडंल म्हणून वाट बघायलाव."

आम्ही परत निघालो. कोपऱ्यावर बाई थांबल्या आणि भिंतीला हात टेकला. त्या पहिल्यांदाच भिंत न ठोकता तिला टेकल्या होत्या.

"अलका, आपल्या शेजारच्या मिलचा भोंगा होतो तवा पोरं काय करत्यात?"

"कान झाकतात."

"आन् कावेरी?"

मला आठवेना. दुसऱ्या दिवशी बघितलं. भोंगा झाला, सगळ्या मुलांनी कानांवर हात दाबले, काहींनी मुद्दाम किंचाळून घेतलं. कावेरी चिंचोके मांडत होती, ती मांडतच राहिली. मग बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि स्टीलच्या ताटावर पळी हाणली. मीच दचकले. कावेरीने मान वळवली नाही. मग बाईंनी जमिनीवर जोरात पाय आपटला. तशी ती झर्रकन वळली, डोळे मोठ्ठे करून.

"जमीन कळती हिला," बाई म्हणाल्या. "आवाज न्हाई कळत. धसका कसला आलाय, लेकराला ऐकूच येत न्हाई."

आमच्यापासून दोन गल्ल्यांवर माणसं इतकी वर्षं श्वास रोखून जगत होती, सण मुके करत होती, आणि ज्या लेकरासाठी ते चाललं होतं त्याला त्यातलं काहीच पोचत नव्हतं. कुणाला हसावं, कुणासाठी रडावं? त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. भूकंपाने त्या भागाला इतकं काही केलं होतं, की जे काही बिघडलं ते भूकंपानेच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

महादेवीला सांगायचं काम बाईंनी स्वतः केलं, आणि ते त्यांना जमलं नाही. त्या सरळ म्हणाल्या, "तुझी पोर बहिरी हाय." महादेवीचा चेहरा दगडासारखा झाला. "बाई, ठेवायची नसंल तर तसं सांगा. असलं नाव कामून ठेवता लेकराला? मुकी-बहिरी म्हणून काढायचीच हाय ना तुमाला?" तिने कावेरीला उचललं आणि गेली. आठवडा उलटला तरी आली नाही. बाईंच्या संशयाला गल्लीतून सव्याज उत्तर मिळालं होतं. बाईंना अपंग पोरं नको आहेत, क्लासवाल्यांना खूश करायचंय, असं गल्ली बोलू लागली.

बाई रोज संध्याकाळी जाऊन महादेवीच्या उंबऱ्यावर बसायच्या. कुणी चहा विचारला नाही तरी बसायच्या. शेवटी एका संध्याकाळी, मीही बरोबर असताना, महादेवीच वैतागून म्हणाली, "काय पायजे तुमाला?"

"माझ्यावर इस्वास ठेवू नको," बाई म्हणाल्या. "ताट घे आन् तिच्या मागं वाजव. तुझ्या डोळ्यानं बघ."

महादेवीने ताट घेतलं नाही. ती भिंतीला टेकून रडू लागली. रडतच तिने सांगितलं, ताट तिने केव्हाच वाजवून बघितलं होतं. लेकीचं नाव पाठीमागून कितीदा हाकारलं होतं, ती वळली नव्हती. धसका म्हटला की एक दिवस मोडतो तरी. बहिरेपण कुठे मोडतं? म्हणून ती धसक्याला धरून बसली होती. त्या माउलीचं ते रडणं मला अजून विसरता आलेलं नाही.

आता तपासायचं कुणाकडून, हा प्रश्न आला. मी नांदेडचं नाव काढलं मात्र, बाईंनी मान खाली घातली. ज्या बाईला आपण फाटकाबाहेर उन्हात उभी केली, तिच्याच दारात जायचं होतं. तेव्हा तिला आत घेतली असती, तर गल्लीच्या पोरांबरोबर ती बातमी महादेवीपर्यंतही गेली असती, हे त्या बोलल्या नाहीत. पण अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत त्यांनी एकदाही ड्रायव्हरवर संशय घेतला नाही, त्यावरून मी ओळखलं. कावेरी महादेवीच्या मांडीवर खिडकीला नाक लावून बसली होती.

सिद्दिकी मॅडमनी बाईंना लगेच ओळखलं. बाई दारातच उभ्या राहिल्या. "त्या दिवशी तुम्ही मला फोटोवाल्या वाटलात. माझं चुकलं. लेकराचे एवढे महिने गेले."

"आता आलात ना," मॅडम म्हणाल्या. "आइये, बैठिये. पाणी घ्या आधी."

बाईंनी पाणी घेतलं. ग्लासाचा वास न घेता घेतलं.

तपासणी झाली. पुढे आणखी दोनतीन फेऱ्यांनंतर कावेरीच्या कानाला मशीन बसलं. पूर्ण नाही, पण बरंच ऐकू येईल, असं मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी महादेवीला आणि बाईंना समोर बसवून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मशीनचं काम अर्धंच आहे. हिला बोलणाऱ्या पोरांत ठेवा. भांडणाऱ्या, ओरडणाऱ्या, गाणाऱ्या पोरांत. याच वयात. हिला घरी एकटी बसवलीत तर मशीन नुसता दागिना होईल." बाईंनी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून बेजार केलं, आणि मॅडमनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. निघताना बाई मला म्हणाल्या, "बाई खरी वाटती." माझ्या माहितीत हे प्रमाणपत्र दुसऱ्या कुणालाच मिळालेलं नव्हतं.

मशीन घालून कावेरी बालवाडीत आली त्या दिवशी भोंगा झाला. तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि भोकाड पसरलं. मी टाळ्याच वाजवल्या. बाई म्हणाल्या, "थांब. बाकीच्यांचं बघून केलं असंल." दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या वेळेला त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून चिंचोके मांडायला बसवलं. भोंगा झाला. तिच्या हातातून चिंचोके खाली पडले आणि हात कानांवर गेले. बाई पाठ फिरवून बराच वेळ हौदाजवळ तोंड धूत राहिल्या.

मग वर्गाची रीतच बदलली. बोलायचं ते कावेरीच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं. गोष्ट सांगायची ती वस्तू दाखवून. पाठमोरं राहून सूचना दिली तर बाई मलासुद्धा सगळ्यांदेखत टोकायच्या. मुलांनी तर दोन दिवसांत आपली वेगळीच भाषा काढली, निम्मी तोंडाची, निम्मी हातांची. कावेरी ‘पाणी’ म्हणायला लागली, ते ‘पाई’ असं यायचं. थोड्याच दिवसांत वर्गातली निम्मी मुलं पाणी मागताना ‘पाई’ म्हणू लागली.

नेमकं तेच अंगाशी आलं. एक आई चिडून आली. "आमचा घरी हातवारे करायलाय! चांगला घडाघडा बोलणारा पोरगा, पाई द्या म्हणतोय. ही लागण होतीय बाई." दुसरी म्हणाली, ही काय अपंगांची शाळा झाली का. तिसरीला शंका, या बाईला यातून काहीतरी मिळत असणार. संशयाची पेरणी बाईंनी इतकी वर्षं केली होती, आता तो चहूबाजूंनी त्यांच्यावरच उगवला.

बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे सचिव दादासाहेब त्याच सुमारास तिचं ‘फाउंडेशन’, म्हणजे क्लासच्या धर्तीची शाळा, करायच्या विचारात होते. बाकडी येणार, गणवेश येणार, एका नामांकित क्लासवाल्याचं नाव पाटीवर लागणार. त्यांनी पालकांची सभा बोलावली. तसे ते वाईट नव्हते. कावेरीसाठी दुसरी चांगली सोय बघू, असं खरंच मनापासून म्हणत होते. पण ती सोय घरापासून दूर होती, तिथे सगळीच मुलं न बोलणारी होती, आणि मॅडमनी तर बोलणाऱ्या पोरांत ठेवा म्हणून बजावलं होतं. कावेरीची इथली जागा गेली तर तिचं बोलणं तिथेच थांबणार, एवढं आम्हाला स्वच्छ दिसत होतं.

"एक बी माणूस आपल्या बाजूनं बोलणार न्हाई," सभेआधी बाई म्हणाल्या. "लिहून ठेव."

सभा आवारातच झाली. महादेवी कावेरीला पोटाशी धरून मागे बसली होती. दादासाहेब बोलले, दोनतीन वडील बोलले. "आमच्या मुलांच्या पायाचा प्रश्न आहे," वगैरे. बाईंना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी सांगून कोण ऐकणार? एक सकाळ येऊन वर्गात बसा. बघितल्याबिगर ठरवू नका." यावर कुणीतरी हसलं. दादासाहेबांनी विचारलं, हिला इथे ठेवू नये असं कुणाकुणाला वाटतं? हात वर होऊ लागले.

तेवढ्यात गंगाअक्का उठल्या. त्यांचा नातू आमच्याच वर्गात होता. आणि मिलमागच्या गल्लीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तो त्यांचा खरा आवाज त्या दिवशी निघाला.

"इतकी वर्सं आमी गल्लीनं कच्चा भात खाल्ला हिच्यापायी! कुकरची शिट्टी होऊ दिली न्हाई. माझ्या लेकाची वरात मुक्यानं आणली. तवा हिला काही ऐकू येत नव्हतं. आन् आता कुठं लेकराला ऐकू यायलंय, तर आता हिला भाईर काढता? आमच्या गल्लीची पोरं बी मग न्हाई यायची. बसा तुमी फौंडेशन घेऊन!"

गल्लीतल्या बायका एकेक करून उठून त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. आमच्या पटावरची निम्मी मुलं त्या गल्लीचीच होती. वर झालेले काही हात खाली आले. महादेवी पदरात तोंड घालून बसली होती, आणि कावेरी गंगाअक्कांकडे बघून कानांवर हात दाबत होती. दादासाहेबांनी घसा साफ केला आणि कावेरी राहील असं जाहीर केलं. मी बाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता.

"एवढ्यात कबूल झाले," त्या पुटपुटल्या. "काहीतरी मनात हाय."

खरंच होतं. बाईंचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं आणि संस्था त्यांना दर वर्षी मुदतवाढ देत आली होती. त्या वर्षी दिली नाही. शाल-नारळ झाला, दोन भाषणं झाली आणि जूनपासून वर्ग माझ्याकडे आला. गणवेश आले, बाकडी आली. कावेरी होती. पण ती आता कुठे बसणार, पुढे की दाराशी, कुणात मिसळणार की नुसती पटावर राहणार, हे कुणी विचारणार नव्हतं. बाई निरोपाचा नारळ हातात घेऊन मला म्हणाल्या, "तुझा बी भरवसा न्हाई, अलका. तू बी बदलशील."

इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर हे ऐकून मला रडू आलं. पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. जूनच्या पहिल्याच दिवशी बघते तर तारेच्या कुंपणापलीकडे, मिलच्या भिंतीच्या पट्टीभर सावलीत बाई छत्री घेऊन उभ्या. आत येत नव्हत्या, बोलत नव्हत्या. डोळे बारीक करून बघत होत्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मी एकदा न राहवून कुंपणापाशी गेले.

"बाई, माझ्यावर जराही विश्वास नाही?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तू चांगली हायस. पण न्हाई."

मग मीही हट्टाला पेटले. कावेरीला पहिल्या बाकावर बसवलं. तिच्या समोर जाऊन बोलायचे, तिचं सगळं आधी करायचे, तिचा डबा मी उघडून द्यायचे, तिने काही सांडलं तर मी पुसायचे. तिने दुसऱ्याचं खेळणं ओढलं तर दुसऱ्यालाच समजावायचे. कुंपणापलीकडच्या छत्रीला दिसावं म्हणून जरा जास्तच. पावसाळा गेला, ऊन आलं, बाई येतच राहिल्या. पालक हसायला लागले. दादासाहेबांनी एकदा विचारलं, या वेड्या झाल्यात का?

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मुलं हात धुवायला गेली होती. कावेरीने आधी एका मुलाची चप्पल हौदात टाकली, मग दुसऱ्याची, आणि तिसऱ्याची टाकायला निघाली तेव्हा मी पोचले. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, बाकड्यांचा हिशेब लागत नव्हता, आणि माझ्या ध्यानातच राहिलं नाही की ती कावेरी आहे. मी तिचा दंड धरला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "कावेरी! ही काय पद्धत झाली? सगळ्या चपला काढ आधी बाहेर, नाहीतर आज झोपाळा नाही!" तिने तोंड वेडंवाकडं केलं, माझ्याकडे रागाने बघितलं आणि मग बाह्या वर करून चपला काढू लागली. ज्यांच्या चपला होत्या ती दोघं तिला चिडवत होती आणि तीही त्यांना ‘ए गप्प’ म्हणून वेडावत होती.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे छत्री नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हती. वयाची बाई, एकटी राहणारी. शाळा सुटली तशी मी ऑटो करून त्यांच्या खोलीवर गेले.

दार उघडंच होतं. बाई अगदी ठणठणीत, भुईवर बसून सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या. मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला.

"आला का नाहीत? मी घाबरले ना."

"परवा तू कावेरीला रागावलीस," बाई म्हणाल्या.

मी गडबडले. आता बोलणी बसणार. "बाई, तिने चपला..."

"सांगू नको. बघितलंय मी. सगळ्यांवर ओरडतीस तशीच ओरडलीस तिच्यावर. दंड धरून." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. डोळे बारीक नव्हते. "मग आता मी कशाला येऊ उन्हातान्हाची?"

मी तिथेच त्यांच्यासमोर बसून राहिले आणि त्या डाळ पाखडत राहिल्या. त्यानंतर मी आणखी काही वर्षं, इथे नांदेडला राहायला येईपर्यंत, त्या वर्गात शिकवलं. बाई पुन्हा कधी कुंपणापाशी आल्या नाहीत.